‘बिकॉज’ची सबब

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारची नववीतली मुलगी इंग्रजीची वही घेऊन माझ्याकडे आली. चाकूरला आमच्या गल्लीत इंग्रजीचे काही अडले की मुले माझे दार वाजवतात. हा मान माझ्या विद्वत्तेचा नसून माझ्या रिकामपणाचा आहे, हे मी जाणून आहे. वहीत दोन वाक्ये दिलेली होती. एक, भूकंप झाला. दुसरे, पुष्कळ माणसे मेली. ‘बिकॉज’ वापरून ती जोडा, असा प्रश्न. मुलीने इंग्रजीत जे लिहिले होते ते मराठीत सांगायचे तर असे : ‘भूकंपात पुष्कळ माणसे मेली, कारण त्यांच्या घरांच्या भिंती दगडमातीच्या होत्या.’ इंग्रजी निर्दोष होते. क्रियापदाचा काळ बरोबर, स्पेलिंग बरोबर, पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी. तरी त्यावर तांबड्या शाईची फुली होती, आणि समासात ‘मेनी पीपल डाइड बिकॉज देअर वॉज ॲन अर्थक्वेक’ हे उत्तर लिहून दिलेले होते. प्रश्न एका गुणाचा. मिळालेला गुण शून्य.

“सर म्हणले, दिलेलं जोडायचं, मनाचं लिहायचं नाही,” ती म्हणाली. “पण आजोबा, मी मनाचं नाही लिहिलं. माझ्या आजीनं सांगितलंय.”

तिच्या आजीचे माहेर औसा तालुक्यातले, किल्लारीच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना भूकंपाविषयी शिकवायला कुठल्या पुस्तकाची गरज नाही. आदल्याच दिवशी गणपती बोळवून माणसे झोपली होती. चार वाजायच्या सुमारास जमीन हलली आणि जवळजवळ दहा हजार माणसे गेली. आता हे पाहा, की त्या भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. त्या तीव्रतेचे भूकंप जगात दर वर्षी कितीतरी होतात, आणि ते वस्तीखाली झाले तरी दर वेळी दहा हजार माणसे मरत नाहीत. आपल्याकडे मेली ती मुख्यतः घरांनी मारली. अनघड दगड मातीत रचून केलेल्या दोन-दोन, अडीच-अडीच फुटी भिंती. आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारा आडवा दगड बहुधा नाहीच. वर लाकडी सरे आणि त्यांवर मातीचे माळवद. माळवद गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेलेले. भिंत फाकली की ते सारे ओझे अंथरुणावर. भूकंपानंतर आलेल्या अभियंत्यांनी हेच लिहिले, आणि त्या म्हातारीनेही नातीला हेच सांगितले. नातीने ते ‘बिकॉज’ घालून इंग्रजीत मांडले. त्यावर फुली.

ज्या शिक्षकांनी ती फुली मारली ते गृहस्थ सज्जन आहेत. पुढे एकदा बाजारात भेटले तेव्हा मी विषय काढला. ते हसून म्हणाले, “सर, मी इंग्रजी शिकवतो. भूकंपशास्त्र नाही.” त्यांच्यापुढे साठ वह्या, उत्तरपत्रिकेचा ठरलेला नमुना आणि वर्षाअखेरीस निकालाची टक्केवारी. त्यांच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्या वाक्यात दडलेल्या समजुतीशी. कार्यकारणाचे वाक्य हा व्याकरणाचा एक प्रकार आहे, त्यात सांगितलेले कारण खरे की खोटे हे पाहणे भाषाशिक्षकाचे काम नव्हे, ही ती समजूत. मला ती साफ खोटी वाटते. आणि आमच्या भागापुरते बोलायचे तर घातकही वाटते.

ही समजूत आली कुठून ते आमच्या पिढीला चांगले ठाऊक आहे. रेन आणि मार्टिन या दोन साहेबांचे व्याकरण आम्ही उशाशी घेऊन निजलो. त्यातले रेनसाहेब म्हणजे ‘बो जेस्ट’ ही साहसकथा लिहिणारे कादंबरीकार. पण त्यांच्या कादंबरीने हिंदुस्थानातली जेवढी मुले रमवली त्याच्या शंभरपट त्यांच्या व्याकरणाने रडवली असतील. वाक्यांचे रूपांतर हा त्यातला प्रसिद्ध प्रकार. ‘टू’ काढून ‘सो–दॅट’ घाला. चहा इतका गरम आहे की मला पिववत नाही. ‘बिकॉज’ काढून ‘सो’ घाला, ‘सो’ काढून ‘देअरफोर’ घाला, ‘देअरफोर’ काढून ‘ॲज’ घाला. पुस्तकात ते सराव म्हणून होते. आपण त्याचे देवघर केले. आमच्या लातूरकडे तर परीक्षेतल्या यशाचा एक ‘पॅटर्न’च प्रसिद्ध आहे, आणि गुण मिळवण्याच्या त्या कलेला मी नावे ठेवणार नाही, तिने या कोरडवाहू मुलखातली कितीतरी पोरे डॉक्टर-इंजिनियर केली. परंतु या रूपांतराच्या सरावात कारण आणि कार्य दोन्ही पुस्तक देते. मुलाने फक्त मधली खुंटी बदलायची. खुंटी बदलणे म्हणजे विचार करणे, असे त्याला दहा वर्षे शिकवले जाते.

शिवाय त्या खुंट्या खरोखर सारख्या तरी आहेत काय? नाहीत. ‘सिन्स’ आणि ‘ॲज’ बहुधा वाक्याच्या तोंडी येतात आणि वाचकाला आधीच ठाऊक असलेले कारण सांगतात : आता तुम्ही आलाच आहात तर जेवून जा, या थाटाचे. ‘बिकॉज’ बहुधा मागून येते आणि ठाऊक नसलेले कारण सांगते. इंग्रजी वाक्याचे वजन शेवटाकडे असते. नवे, महत्त्वाचे ते शेवटी. त्या मुलीच्या वाक्यात माणसे मेली हे सर्वांना ठाऊक, भूकंप सर्वांना ठाऊक. ठाऊक नाही ते भिंतींचे. ते तिने बरोबर शेवटी ठेवले. शिक्षकांनी लिहून दिलेल्या वाक्यात शेवटी आला भूकंप, जो कुणाला सांगावा लागत नाही. म्हणजे निव्वळ इंग्रजी लेखन म्हणून पाहिले तरी मुलीचे वाक्य सरस होते, हे मी माझ्या चाळीस वर्षांच्या खडू-फळ्याच्या भरवशावर सांगतो.

आपल्याकडे आणखी एक मत मोठ्या तोऱ्यात मांडले जाते. इंग्रजी ही म्हणे तर्काची भाषा आहे. तिच्यात कार्यकारणभाव चोख सांगता येतो, मराठी भावनेची, तिच्यात सगळे मोघम. मुलांना पहिलीपासून इंग्रजी द्यावे याला जी कारणे चारचौघांत दिली जातात त्यांत हे असतेच; २००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केले तेव्हाही मी ते ऐकले होते. पहिलीपासून इंग्रजीला माझा विरोध नाही. पण त्यासाठी मराठीची ही बदनामी कशाला? मराठीत ‘तापाने मेला’ आणि ‘तापामुळे परीक्षेला बसला नाही’ यांत जो फरक आहे तो पाहा. ‘-ने’ म्हणजे ज्याने प्रत्यक्ष काम केले ते. ‘-मुळे’ म्हणजे ज्याचे मूळ तिथे आहे ते. ‘मुळे’ या प्रत्ययात ‘मूळ’ हा शब्द उघड्या डोळ्यांना दिसतो. ‘पाऊस पडला नाही म्हणून’, ‘पाऊस न पडल्याने’, ‘कारण पाऊस पडला नाही’, या तिन्हींची चाल निराळी, आणि वाक्यात कुठे काय ठेवायचे याची सोयही निराळी. आमच्या शाळेतल्या व्याकरणाने तर उभयान्वयी अव्ययांची खाती पाडून ठेवलीच आहेत : कारणबोधक वेगळी, परिणामबोधक वेगळी.

याच खात्यात एक शब्द आहे, त्यावर जरा थांबावेसे वाटते. परिणामबोधक अव्ययांची यादी आम्ही घोकली ती अशी : म्हणून, सबब, यास्तव, तस्मात्, तेव्हा. यातला ‘सबब’ मूळचा अरबी, आणि अरबीत व उर्दूत त्याचा अर्थ परिणाम नव्हे, कारण. आमचा हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. दरबारची भाषा उर्दू, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दू. त्यामुळे आमच्या वाडवडिलांच्या कानांवर ‘ब-सबब’ हा प्रयोग होता : अमक्याच्या सबबीने, अमक्या कारणाने. गंमत अशी की इंग्रजी ‘बिकॉज’ची जन्मकथा हुबेहूब हीच आहे. जुन्या इंग्रजांनी ‘बाय’ आणि ‘कॉज’ हे दोन शब्द जोडून तो केला. ब-सबब आणि बाय-कॉज : समुद्रापलीकडच्या दोन भाषांनी एकच ठिगळ एकाच जागी लावले. तेव्हा तर्क कुणा एका भाषेची मिरास आहे, हे म्हणणे कुणी सोडून द्यावे तर बरे.

पण मराठीत आल्यावर ‘सबब’चे काय झाले? कचेरीत तो ‘म्हणून’ झाला. ‘सबब, आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ आणि घरात तो बहाणा झाला. ‘सबबी सांगू नकोस’ असे आई म्हणते तेव्हा तिला खोटी कारणे अभिप्रेत असतात. कारण, निकाल आणि बहाणा हे तिन्ही अर्थ एका शब्दात नांदतात ते उगीच नव्हे. पुष्कळ कारणे निकाल आधी ठरवून मागाहून शोधलेली असतात, हे आपल्या लोकांना कचेऱ्यांनी फार पूर्वी शिकवले. माझे म्हणणे एवढेच की आज इंग्रजीच्या तासाला आपण ‘बिकॉज’चीही सबब करून टाकतो आहोत.

मुलांच्या चुकांकडे पाहावे. एक चूक सगळ्यांना ठाऊक आहे : ‘बिकॉज इट रेन्ड, सो वुई डिड नॉट गो.’ एका वाक्यात दोन खुंट्या. शिक्षक चिडतात आणि ‘सो’ खोडतात. मुलाला मात्र कळत नाही की त्याचे काय चुकले. त्याचे काहीच चुकले नाही. तो मराठी बोलला. आपल्याकडे ‘जर’ला ‘तर’ लागतो, ‘जेव्हा’ला ‘तेव्हा’ लागतो, सरकारी आदेशात ‘ज्याअर्थी’ आले की मागोमाग ‘त्याअर्थी’ येते. उर्दूत ‘चूँकि’ आले की ‘इसलिए’ येते. आपली वाक्ये जोडीने चालतात. इंग्रजी एकाच खुंटीवर भागवते. एवढे एकदा मराठीतून समजावले तर ती चूक पंधरा दिवसांत जाते. मी घालवली आहे. ही चूक निरुपद्रवी आहे, आणि सारी तांबडी शाई तिच्यावर खर्च होते.

दुसरी चूक तांबड्या शाईला दिसतच नाही. ‘इट रेन्ड बिकॉज द रोड इज वेट.’ रस्ता ओला आहे म्हणून पाऊस पडला! व्याकरणाने पाहता वाक्याला नाव ठेवायला जागा नाही, आणि मी अशा वाक्यांवर बरोबरच्या खुणा पाहिल्या आहेत. इथे घडलेल्या गोष्टीचे कारण आणि आपल्याला ती कळल्याचे कारण यांची गल्लत आहे. आपल्या नैयायिकांनी डोंगरावरच्या धुराचे उदाहरण घेऊन शतकानुशतके हाच भेद घोटला : धुरावरून अग्नी कळतो, पण धुराने अग्नी लागत नाही. इंग्रजीतही त्याची सोय आहे. ‘पाऊस पडला असला पाहिजे’ अशा अर्थाचे ‘मस्ट हॅव’ घातले, ‘बिकॉज’च्या आधी स्वल्पविराम दिला, की वाक्य सरळ होते. आणि नकार आला की तर विचारूच नका. ‘गरीब होता म्हणून तो नापास झाला नाही.’ तो पास झाला की नापास? दोन्ही अर्थ निघतात. मराठीतही निघतात, इंग्रजीतही निघतात. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ’ ही म्हण ज्यांच्या घरात रोज बोलली जाते, त्या मुलांना ‘आफ्टर’ आणि ‘बिकॉज’ यांतला फरक समजणार नाही असे मानणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांना समजतो. त्यांना कुणी विचारत नाही.

आता ‘ड्यू टू’कडे येतो. हा शब्दप्रयोग कसा वापरावा यावर इंग्रजांतच शंभर वर्षांचे भांडण आहे. फाउलरने १९२६ च्या आपल्या कोशात त्याच्यावर कोरडे ओढले आणि ‘ओइंग टू’ची बाजू घेतली. ते भांडण त्यांचे त्यांना लखलाभ असो. माझी तक्रार निराळी आहे. ‘ड्यू टू’नंतर क्रियापद लागत नाही, नुसते नाम पुरते; आणि क्रियापद नसले की कर्ता नसतो, कर्ता नसला की कुणी काही केलेले नसते. ‘ड्यू टू ड्रॉट.’ ‘ड्यू टू हेवी रेन.’ ‘ड्यू टू टेक्निकल रीझन्स.’ एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर आले. त्या वेळी इंग्रजीत जे लिहिले-बोलले गेले त्यात ‘ड्यू टू ड्रॉट’ची नुसती रीघ लागली होती. खोटे नव्हते ते. २०१४ आणि २०१५ साली पावसाने खरोखरच दगा दिला, मांजरेचे धरण कोरडे पडले. पण ज्या खोऱ्यात पिण्याचे पाणी संपले त्याच खोऱ्यात उसाचे फड उभे होते आणि साखरेचे कारखानेही होते. पाणी कुणी, कशासाठी, कधी उचलले, हे सांगायचे तर क्रियापद लागते. ‘बिकॉज’ घातले की क्रियापद घालावेच लागते, आणि क्रियापद आले की ‘कुणी?’ हा प्रश्न दारात उभा राहतो. ‘ड्यू टू’ने तो प्रश्न बाहेरच्या बाहेर वाटेला लावता येतो. उसाचा दोष किती आणि आभाळाचा किती, याचा निवाडा मी इथे करत नाही. दोन्ही बाजूंनी बोलणारे जाणकार आहेत. मी एवढेच म्हणतो की ज्या मुलाने दहा वर्षे ‘ड्यू टू’ची गाळलेली जागा भरली, तो उद्या तलाठी झाला, अभियंता झाला, बातमीदार झाला, तर ती जागा तशीच भरणार.

कारण लिहिण्यावर आमच्या शेतकऱ्यांची भाकरी कशी अडकते तेही पाहावे. २०१६ साली सुरू झालेल्या पीक विमा योजनेत गारपीट, ढगफुटी, शेतात पाणी साचणे अशा स्थानिक आपत्तीने पीक गेले तर ७२ तासांच्या आत कळवावे लागे, आणि कळवताना नुकसानीचे कारण सांगावे लागे. माझ्या माहितीतल्या एका शेतकऱ्याचे सोयाबीन शेतात पाणी तुंबून कुजले. पोराने मोबाइलवर तक्रार भरली आणि कारणाच्या जागी इंग्रजीत नुसते ‘रेन’ लिहिले. शाळेत तेच शिकवले होते : क्रॉप फेल्ड, बिकॉज रेन. पुढे महिनाभर खेटे झाले; पाऊस म्हणजे कुठला पाऊस, पडला तो की साचला तो, काढणीआधी की काढणीनंतर. जो भेद त्याच्या बापाला झोपेत विचारला असता तर सांगता आला असता, तो शिकलेल्या पोराला लिहिता आला नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक. पण साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे निराळे कारण तपासत बसायचे कुणी? आक्षेप खरा आहे, आणि त्याला माझ्याजवळ जादूची कांडी नाही. पण दोन वाक्ये देऊन जोडायला सांगण्याऐवजी एकच वाक्य द्यावे, कार्याचे. आणि कारण मुलाने आणावे. ‘आमच्या आडाचे पाणी आटले.’ का? साठ मुलांची साठ कारणे येणार नाहीत, पाच-सहा येतील. ती फळ्यावर मराठीत लिहावीत, त्यांवर भांडण होऊ द्यावे, आणि मग जे टिकेल ते इंग्रजीत न्यावे. तासाला चार वाक्ये होतील, चाळीस होणार नाहीत. आमच्या मराठवाड्यातले पोर घरात ‘कामून?’ विचारून आईला भंडावते आणि शाळेच्या दारात ते ‘कामून’ चपलेबरोबर बाहेर ठेवते. ते आत घ्या, एवढेच माझे मागणे आहे. तपासायला वेळ लागतो म्हणून खरे उत्तर चूक धरायचे, हे मात्र कुठल्याही वेळापत्रकात बसत नाही.

आणि हो, किल्लारीच्या वेळी आमचा हा भाग भूकंपाच्या सरकारी नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भूकंप इथे होणारच नाही अशी सगळ्यांची खात्री होती. तेव्हा त्या दहा हजार मरणांच्या ‘बिकॉज’मागे दगड-मातीबरोबर ती खात्रीही येते. ‘बिकॉज देअर वॉज ॲन अर्थक्वेक’ एवढे म्हटले की भिंतींविषयी काही करायला नको, नकाशाविषयी काही विचारायला नको. भूकंप थांबवता येत नाही. भिंत मात्र बांधता येते.

त्या मुलीला मी सांगितले की तुझे वाक्य बरोबर आहे, आणि गुणाचे काय ते मी बघत नाही. ती उठली नाही. वहीचे पान उलटून तिने विचारले, “मग आजोबा, भिंती एवढ्या जड कामून बांधत होते?”

मी म्हटले, तूच सांग. तिने विचार केला. दगड फुकट मिळायचा म्हणून. जाड भिंतीत ऊन लागत नाही म्हणून. मे महिन्यात आजीच्या माहेरी पंख्यावाचून झोप लागायची. सिमेंटला पैसे लागतात म्हणून. गवंड्याला तेवढेच येत होते म्हणून. हे सगळे तिने एकाच इंग्रजी वाक्यात घालायचा घाट घातला आणि मध्येच पेन थांबवून म्हणाली, “तीनदा ‘बिकॉज’ आलं. चालतं का?”

चालत नाही, मी म्हणालो. दोन वाक्ये कर. तिने खोडले आणि पहिल्यापासून लिहायला घेतले.